ठोकून ऐकलेलं भांडं

तुम्ही लिहिलंत की चूक त्याचीच होती.

एका ओळीत लिहून मोकळे झालात. संजय खेमसिंग राठोड यांनी तोंडाला कापड न बांधता, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे फवारणी करताना इजा करून घेतली, सबब मदतीस अपात्र. खाली सही. साहेब, त्या साली तुम्ही एकदा तरी कपाशीच्या पऱ्हाटीत शिरला होतात का? त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. पंप पाठीवर, नळी वर धरायची, आणि वर गेलेला फवारा वाऱ्याबरोबर फिरून आपल्याच तोंडावर पडायचा. कापड बांधलं तर तेच कापड औषधानं भिजून नाकाला चिकटायचं. आणि डोळ्यांना काय बांधायचं? डोळे बांधून फवारा कसा मारतात ते एकदा बांधावर येऊन करून दाखवा. चहा आमच्याकडून.

तुम्ही आला नाहीत. त्याला विचारलंही नाहीत. नुसतं लिहिलंत. म्हणून ही गोष्ट सांगणं भाग आहे, आणि ती तुम्हालाच ऐकावी लागणार आहे. घाबरू नका, रडगाणं नाही. गोष्ट उपकाराची आहे. फक्त ते उपकार तुमचे नाहीत.

केळापूरच्या अलीकडे डांबरी सोडून आत वळलं की एक तांडा लागतो. बंजाऱ्यांची घरं. जवळजवळ सगळा तांडा सेवालाल महाराजांना मानणारा. चार-पाच घरं तेवढी येशूला मानतात, आणि ती धरमसिंगकाकामुळे. धरमसिंगकाका म्हणजे संजयच्या वारलेल्या बापाचा, खेमसिंगचा, धाकटा भाऊ. तरुणपणी तो एका मिशनच्या दवाखान्यात माळीकाम करायला गेला आणि येताना दोन गोष्टी घेऊन आला. एक पेरूचं कलम आणि एक जाडजूड पवित्र शास्त्र. पेरू वाळला. शास्त्र राहिलं. दर रविवारी उन्हं कलली की त्याच्या ओसरीवर ही चार-पाच घरं जमायची आणि त्यातलं एक पान वाचलं जायचं.

काकाचे डोळे म्हातारपणानं अधू झालेले, म्हणून वाचायचा संजय. आणि काय वाचायचा! एसटी स्टँडवर गाड्या पुकारतात तसा. एका दमात आख्खा अध्याय. कुठं अडखळणं नाही, कुठं श्वास नाही. लोक म्हणायचे, "पोट्टा वाचते लेकाचा!" गाडी पुकारली जायची, सुटायची, आणि ती कुठं गेली हे ओसरीवर कोणालाच ठाऊक नसायचं. संजयलाही नाही.

बबिता, त्याची बायको, मागे बायकांत बसून ऐकायची. ती चौथीपर्यंत शिकलेली. पुढे शाळा सुटली आणि वाचणंही सुटलं. तिला वाटायचं, नवरा वाचतो एवढं आपल्याला पुरे.

मग ते बोंडअळीचं साल आलं. बोंडात बोट घातलं तरी अळी, आणि अळीवर फवारा, फवाऱ्यावर फवारा. संजय रोजानं फवारायला जायचा. एक दिवस दुपारी तो बांधावरच बसला आणि म्हणाला, "आभाळ आलं वाट्टे." आभाळ नव्हतंच. लख्ख ऊन होतं.

बबितानं त्याला मांडीवर आडवा घेतला आणि रिक्षावाल्यानं दोघांना पांढरकवड्याला नेलं. तिथून यवतमाळ. मोठ्या दवाखान्याच्या त्या वॉर्डात सगळे फवारणीवालेच होते. शेजारच्या खाटेवर एक माणूस सकाळी होता, दुपारी नव्हता. संजय होता. बबिताला त्या दिवसांत बाकी काही कळत नव्हतं, एवढंच कळत होतं की हा आहे. ती त्याच्या छातीवर हात ठेवून बसायची. छाती वर गेली की ती म्हणायची, आभार. खाली गेली की श्वास धरायची. परत वर गेली की, आभार. पुस्तकातली एकही ओळ तिला तेव्हा आठवली नाही. तो एक शब्द तेवढा आठवला आणि तिनं तो इतक्या वेळा वापरला, की एखादं नाणं असतं तर झिजून गुळगुळीत झालं असतं.

जीव वाचला. डोळे गेले. डॉक्टर म्हणाले, नस आहे, हळूहळू येईल, नाहीतर येणारही नाही. सांगता येत नाही. खरं बोलला तो माणूस. त्याचेही आभार.

घरी आल्यावर तुमची ती ओळ आली. ग्रामपंचायतीत कोणीतरी ती मोठ्यानं वाचली, आणि तांड्यात नाव पडायला कितीसा वेळ लागतो? शेजारच्या उकंडानं दारातूनच हाक मारली, "का बे अपात्रभौ, जेवला का?"

हा उकंडा संजयच्या बरोबरीचा. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून त्याच्या आईनं त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, परत उचललं आणि नाव ठेवलं उकंडा. मरणानं पाहावं आणि म्हणावं, हा तर कचरा आहे, याला कशाला नेऊ? उकंडाचं म्हणणं सरळ होतं.

"माह्यं नाव उकंडा ठेवलं, मी जगलो. तुह्यं सरकारनं अपात्र ठेवलं. आता तुले कोनी नेत नाही, पाह्य!"

तो हसवायला गेला. संजय हसला नाही. त्याला तो शब्द लागला होता. औषधानं डोळे खाल्ले, शब्दानं उरलेला माणूस खायला घेतला. बबितानं ताट पुढे केलं की तो ढकलून द्यायचा.

"अपात्राले भाकर कायले?"

"अवो, असं नका बोलू."

"लिहून आलं न? माह्यीच चूक. लिहिलेलं खोटं असते का? मी इतके वर्ष लिहिलेलंच वाचलं."

प्रार्थनेचं नाव काढलं तर भिंतीकडे तोंड करायचा. "त्याले सांग, दुकान बंद झालं."

बबितानं एक काम गुपचूप केलं. घराच्या माळ्यावर औषधाचा उरलेला डबा होता. तो तिनं सासूला दाखवला. सासू सुखीबाई, जुन्या वळणाची, अजून फेटिया-कांचळी, म्हणजे बंजारा घागरा-चोळी, घालणारी, सेवालाल महाराजांपुढे दिवा लावणारी. सुनेच्या देवाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. पण डबा पाहिल्यावर ती तडक उठली. तो पदराखाली घेतला, तांड्याबाहेर गेली आणि खोल पुरून आली. हात धुतले. आणि सुनेला म्हणाली, "नदर ठेव." दोघी बायकांना काय वाटत होतं ते दोघींनाही कळलं, आणि दोघींनीही ते तोंडातून काढलं नाही.

पुढच्या रविवारी ओसरीवर माणसं जमली. शास्त्र फडक्यात गुंडाळलेलं तसंच पडलं होतं. वाचणार कोण? काका म्हणाला, "चूप बसू अन् उठू. देवाले समजते."

पदराआडून आवाज आला. "काका, मी वाचू का?"

ओसरीवरच्या सगळ्या माना तिकडे वळल्या. घरची सून, चुलत सासऱ्यासमोर, बापयांसमोर वाचणार? आणि वाचता तरी येतं का?

"येते का तुले?" काकानं विचारलं.

"अक्षरं ओळखू येते. त्यायची एकमेकाशी ओळख नाही, ते करून देईन."

काका हसला. "दे तं."

बबितानं घुंगटो खाली ओढला. पुस्तकही पदराच्या आत घेतलं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, बाई चुलीवरचं झाकण काढून आत काय शिजतंय ते पाहते आहे. पान कुठलं उघडलं ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. फडकं सोडलं तेव्हा जिथं उघडलं तिथं बोट ठेवलं.

ती गोष्ट होती शौलाची. येशूच्या माणसांना धरून नेणारा, रागीट, शिकलेला माणूस. रस्त्यानं चालला होता, आभाळातून उजेड पडला आणि डोळे गेले. हाताला धरून त्याला गावात न्यावं लागलं.

पण हे तिथं कोणालाच लगेच कळलं नाही. कारण बबिता एकेक अक्षर काना-मात्रेसकट चाचपत चालली होती. रस्त्यातल्या त्या गावाच्या नावाशी तर ती पार बसलीच.

"दि... मि... ष... दिमी... षक..."

"बैल घाटात अडला," उकंडा पुटपुटला. तो येशूला मानणारा नव्हता, पण रविवारी ओसरीवर गर्दी असते म्हणून येऊन बसायचा.

"दिमि... ष..."

आणि भिंतीपलीकडून ओरडा आला, "दिमिष्क! दिमिष्क हाये वो ते! गावाचं नाव!"

संजयचं घर आणि काकाची ओसरी यांच्यात एक कुडाची भिंत. पलीकडे खाटेवर पडलेला संजय सगळं ऐकत होता. ऐकत कसला होता, सोसत होता. पट्टीच्या गवयाला शेजारच्या पोरानं पेटी शिकावी तसं त्याचं झालं होतं. ओसरीवर सगळे हसले. बबिता हसली नाही. पदराआत तिचे डोळे भरून आले. नवरा किती दिवसांनी ओरडला होता! माणूस ओरडतो म्हणजे आहे. आभार.

अध्याय कसाबसा एका ठिकाणी थांबला. कोणाला काही उमगलं नव्हतं.

"आता पुन्हा वाच," काका म्हणाला.

"पुन्हा?"

"पऱ्हाटी एकाच वेच्यात वेचून होते का वो? पहिल्या वेच्याले जे बोंड फुटलं ते घ्याचं. जे नाही फुटलं ते ओरबाडाचं नाही, राहू द्याचं. दुसऱ्या वेच्याले ते फुटते. तिसऱ्याले राह्यलेलं. वाच."

कापूस वेचणाऱ्या माणसांना हे समजवावं लागलं नाही. पहिल्या वाचनात बबितानं अक्षरं वेचली होती. दुसऱ्यात शब्द हाताला लागले. आंधळा झालेला माणूस दिसला. त्यानं खाणंपिणं सोडलेलं दिसलं. बायकांतून कोणीतरी हलकेच म्हणालं, "अरे बाप्पा," आणि सगळ्यांनी कुडाच्या भिंतीकडे पाहिलं.

पुढे हनन्या आला. त्याच गावातला एक साधा भाविक. देव त्याला म्हणतो, जा त्या आंधळ्याकडे. हनन्या म्हणतो, देवा, त्याच्याबद्दल मी काय काय ऐकलंय. तो वाईट माणूस आहे. आणि देव म्हणतो, तू जा, तो माझं निवडलेलं—

बबिता थांबली. बोट त्या शब्दावर ठेवलं. परत पाहिलं. पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं.

"काका," ती म्हणाली, "इथं छापतानी चूक झाली वाट्टे."

"देवाच्या पुस्तकात?"

"हो न. अ गळला. निवडलेलं अपात्र असन. इथं नुसतं पात्र हाये."

यात हसण्यासारखं काही नाही, साहेब. तांड्यात तो शब्द तुम्हीच आणलात. त्याच्या आधी तो कोणी वापरत नव्हतं. 'अपात्र' आला तो पूर्ण आला, अ सकट. अ शिवायही तो असतो हे त्या पोरीला कसं ठाऊक असणार? तुमच्या कागदांवर तिला कधी दिसला होता?

"तिथं अ नाही," भिंतीपलीकडून आवाज आला. आता तो ओरडत नव्हता.

"तुमाले कसं माहीत?"

"म्या कितीदा वाचलं ते पान. अ नाही. पात्रच हाये."

"मंग पात्र म्हंजे काय?"

इतक्या वेळा वाचलेलं पान, आणि वाचणाऱ्याला उत्तर येईना. गाड्या पुकारणारा माणूस स्वतः कधी गाडीत बसलाच नव्हता.

तेव्हा शेजारी आपल्या दाराच्या उंबऱ्यावर बसलेली सुखीबाई बोलली. ती ओसरीवर कधी चढायची नाही. उंबऱ्यावर बसून शेळीचा पाला निवडायची आणि म्हणायची, "तुमचा देव मराठीतच बोलते, आमच्या बोलीत कवा बोलन?" आज ती आपणहून म्हणाली,

"पात्र म्हंजे भांडं. इतकं बी माहीत नाही? पूजेत नाही म्हनत का बामन, तांब्याचं पात्र?"

"भांडं?" काका म्हणाला. "तो देवाचं निवडलेलं भांडं?"

"मंग बराबर हाये." सुखीबाईनं पाला बाजूला ठेवला. "बजारात गाडगं घ्याले गेलं तं कसं निवडते मानूस? रंग पाहून नाही निवडत. हातावर घेते, बोटानं ठोकते, अन् कान लावून ऐकते. टन्न वाजलं तं चांगलं. बद्द वाजलं तं चिरलं. ठोकल्याबिगर निवडता येत नाही."

दुसरा वेचा अर्ध्यावरच होता, पण बबिताच्यानं पुढे सरकवेना. ती त्या एका शब्दावर बोट ठेवून बसून राहिली. बाकीचेही बसले. काकानं डोळे मिटले. छपराच्या पेंढीतून वारा जात होता तेवढाच आवाज. प्रार्थनेत एरवी माणसं देवाला सांगत असतात, हे दे, ते दे, याला बरं कर. त्या संध्याकाळी कोणी काही मागितलं नाही. नुसते कान लावून बसले, गाडग्याला लावतात तसे. आणि बबिताला वाटलं, आपण ऐकतो आहोत खरे, पण पलीकडूनही कोणीतरी कान लावून बसलं आहे. वॉर्डात छाती वर जायची, खाली जायची, तेव्हाही ते बसलेलं होतं.

कुडापलीकडून आवाज आला. चिरकलेला, पण बद्द नव्हता. संजयनं आईला हाक मारली.

"याडी."

"हं."

"मंग मले ठोकलं का त्यानं?"

सुखीबाई चटकन म्हणाली, "ठोकलं औषधानं अन् त्या वर्साच्या पऱ्हाटीनं. तू त्याच्यावर कायले घालतं? तो फक्त ऐकून राह्यला, तू कसा वाजतं ते."

एवढी मोठी गोष्ट बोलून ती परत पाला निवडायला लागली. काका म्हणाला, "वैनी, तू ओसरीवर काहून नाही बसत?" ती म्हणाली, "शेळी कोन पाहीन? तुहा देव?"

बबितानं पुढचं वाचलं. हनन्या गेला. त्या आंधळ्याच्या अंगावर हात ठेवले आणि म्हणाला, शौल, भावा. ज्याची वाईट ख्याती ऐकली होती त्याला पहिलाच शब्द भावा.

उकंडा उठला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. धोतर झटकलं, वळसा घालून संजयच्या घरात शिरला. आतलं सगळ्यांना ऐकू आलं, कारण भिंत दोन्हीकडून सारखीच पातळ होती.

"चाल, भिया, माह्या भावा."

"अपात्रभौ म्हन न. काहून, आज जीभ झडली?"

"म्हटलं ते म्हटलं. कान धरू का? चाल, तुह्यी बायको घाटात अडली, तिले धक्का दे."

संजय उकंडाच्या खांद्यावर हात ठेवून ओसरीवर आला. डोळ्यांवरून काही गळून पडलं नाही. गोष्टीत पडतं. इथं पडलं नाही, आणि पडलं असं खोटं सांगायला ही गोष्ट नाही. तो बायकोच्या शेजारी बसला. ती अडली की सांगायचा. पण लगेच सांगायचा नाही, थांबायचा. तिसरा वेचा त्या दिवशी दोघांनी मिळून केला.

तेव्हापासून तीच रीत पडली. वाचण्याआधी प्रत्येकानं एक आभार मानायचे, मग तीन वेचे, मग जो शब्द पायात काट्यासारखा रुतेल तो धरून चूप बसायचं. सुखीबाई उंबऱ्यावरूनच म्हणायची, "शेळी दोन व्याली, आभार ज्या देवाचे त्यानं घ्या." संजयचे पहिले आभार तांड्यात अजून सांगतात. तो म्हणाला होता, "आज भाकर करपली होती. दिसली नाही म्हून सगळी खाल्ली. आभार." बबितानं पदराआडून त्याला कोपर मारलं. तो जेवायला लागला होता. तिला आणखी काय पाहिजे होतं? माळ्यावर नजर जायची तिची सवय हळूहळू सुटली.

नजर थोडी परतली. थोडीच. एका सकाळी दारात उभ्या असलेल्या बबिताला तो म्हणाला, "लाल लुगडं नेसली का?"

"हिरवं हाये."

"हिरवं तं हिरवं. काहीतरी हाये न!" दोघं हसत सुटले. आकार दिसायला लागले, उजेड-सावली दिसायला लागली. अक्षरं नाही दिसली. वाचायचं काम बबिताकडेच राहिलं, आणि अजूनही ती अडखळतेच. काका म्हणतो, "सुधरू नको वो, घाई होईन."

तर साहेब, आता तुमच्याकडे येऊ.

एका रविवारी त्याच पानावर परत आल्यावर संजय म्हणाला, "देवाच्या पुस्तकात अ नाही. त्यायच्या कागदावर हाये. दोघातून कोनाचं खरं, एकदा विचारून येऊ." पैसा नको होता असं नाही. खोटं कशाला बोलायचं? पैसा पाहिजेच होता. पण पैशापेक्षा तो अ सलत होता.

दोघं एसटीनं आले. तुमच्या टेबलासमोर उभे राहिले. उभे राहू द्यायची तुमची पद्धतच आहे. बबिता म्हणाली, "साहेब, पात्र म्हंजे काय?"

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पात्र म्हणजे नियमात बसणारा."

"आमच्याकडे भांड्याले म्हनते."

तुम्ही हसलात. शेजारचा क्लार्क हसला.

"अन् भांडं घ्याच्या आधी ठोकून ऐकते. तुम्ही ह्यायले ऐकलं का? चौकशी झाली तवा कोनी विचारलं का, कापड बांधलं होतं का, पऱ्हाटी केवढी होती, वारा कोनीकडून होता?"

"कागदपत्रं पाहिली आहेत, बाई."

"कागदाले तोंड नसते. ह्यायले हाये."

"वेळ नाही. नंतर या."

"बसतो," ती म्हणाली, आणि नवऱ्याला हाताला धरून समोरच्या बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसली. घुंगटो खाली ओढला. तुमची ती ओळ असलेला कागद तिनं पदराआत धरला आणि बोट ठेवून वाचायला लागली. मोठ्यानं. एकेक अक्षर.

"स्व... तः... च्या... नि... ष्का..."

"निष्काळजीपणामुळे," संजय हळूच म्हणाला.

पहिल्या वेच्याला तुम्ही चिडलात. शिपायाला हाक मारलीत. शिपाई आला आणि तोही ऐकत उभा राहिला. दुसऱ्या वेच्याला शब्द एकमेकांना लागले आणि क्लार्कचा हात थांबला. तिसऱ्या वेच्याला ती शेवटच्या शब्दावर आली, बोट अ वर ठेवलं, आणि गप्प झाली.

ती अजून गप्प आहे. तिला रागवायचं नाही, भांडायचं नाही. घरून निघताना तिनं तुमचेही आभार मानले होते, की तुमच्यामुळे तो शब्द तांड्यात आला. आता ती फक्त कान लावून बसली आहे. देवासमोर बसून बसून तिला वाट पाहण्याची सवय झाली आहे, आणि तुम्ही देवापेक्षा जास्त वेळ लावाल असं तिला वाटत नाही.

तिच्या शेजारी तो बसला आहे. त्याला तुमचा चेहरा दिसत नाही, नुसता आकार दिसतो. खिडकीच्या उजेडात खुर्चीत बसलेला एक आकार. तो त्या आकाराकडे तोंड करून आहे.

बोला, साहेब. तुम्ही त्याला ऐकलं होतं का?